पहिला रेसिंग ड्रोन: खर्च कुठे करायचा, हात कुठे आखडता घ्यायचा

प्रश्न: दादा, मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेसिंग ड्रोन स्वतः जोडायचा आहे. लग्नसराईत साउंडवाल्याकडे काम करून आणि कापूस विकल्यावर घरून थोडे घेऊन ३५ हजार जमवलेत. वडील म्हणतात, ‘पहिले उडाडी दखाड, मंग बाकीना पैसा.’ कॉलेजातला एक सीनियर त्याचं किट ९ हजारांत देतोय: एफ४५० फ्रेम, ए२२१२ मोटरी, ३० अँपिअरचे चार ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणारे बोर्ड) आणि केके बोर्ड (उड्डाण सांभाळणारा). त्याचा जुना गॉगल (ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र पाहायचा) आणि दोन लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्याही विकायच्या आहेत. ऑनलाइन यादी केली तर ५० हजारांच्या आसपास जाते. कोणत्या कंपनीचे पार्ट भरवशाचे? बॅटरी फोर-एस (चार सेलची) घेऊ की सिक्स-एस (सहा सेलची)? आणि पहिल्याच दिवशी तुटला तर?

उत्तर:

भाऊ, आधी त्या सीनियरच्या किटचं बोलू, कारण बऱ्याच पोरांचे पैसे तिथेच अडकतात. किट खोटं नाही. एफ४५० म्हणजे समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं तिरकं अंतर ४५० मिलिमीटर. त्यावर १० इंची पंखे लागतात आणि ए२२१२ मोटरी साधारण १००० केव्हीच्या असतात (केव्ही म्हणजे काय ते पुढे सांगतो). कॉलेजच्या प्रोजेक्टला, हवेत एका जागी उभं राहून दाखवायला हे ठीक आहे. रेसिंगचा ड्रोन पाच इंची पंख्यांचा, त्याची फ्रेम साधारण सव्वादोनशे मिलिमीटरची, बोर्ड बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरवर चालणारा. केके बोर्डावर बीटाफ्लाइट चढत नाही. ते ईएससी जुन्या पद्धतीचे, फ्रेमचे हात प्लास्टिकचे. त्या किटमधला एकही पार्ट पुढे तुझ्या रेसिंग ड्रोनमध्ये बसणार नाही. नांगरटीचा बैल शंकरपटात उतरवायचा तसला हा व्यवहार आहे. ९ हजार वाचव. गॉगल आणि बॅटऱ्यांचं शेवटी सांगतो.

आता कंपनीचं. तू कंपनीचं नाव विचारलंस, मी तुला दुकानदाराला विचारायचा प्रश्न देतो: ‘या फ्रेमचा एक सुटा हात मिळेल का? ही मोटर एकटी मिळेल का?’ या किमतीतले बहुतेक पार्ट चीनमधूनच येतात आणि चालणाऱ्या चार-पाच नावांच्या दर्जात नवशिक्याला कळेल असा फरक नसतो. फरक पडतो तो तुटल्यावर. रेसिंग ड्रोन पडतोच, रेसच्या गेटच्या पाइपाला धडकतो, बांधावर आपटतो. तेव्हा तुझ्याच मोटरीची जोडीदार चार-पाच दिवसांत पोस्टाने अमळनेरला पोचत असेल तर तो पार्ट भरवशाचा. कितीही नावाजलेली मोटर असू दे, चारच्या संचाशिवाय मिळत नसेल किंवा महिनाभर ‘आउट ऑफ स्टॉक’ दिसत असेल तर ती तुझ्या कामाची नाही. भारतातल्याच विक्रेत्याकडून, बिलासकट घे. बाहेरून तयार ड्रोन आणण्यावर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. सुट्या पार्टांवर ती नाही, तरी बाहेरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं तर त्यामागे धावत बसावं लागेल. विशेषतः रेडिओचं, म्हणजे हातातल्या रिमोटचं.

फ्रेम घेताना चारही हात सुटे असलेली घे. काही हलक्या रेसिंग फ्रेम एकसंध असतात, एक हात मोडला की अख्खी पाटी बदलायची. त्या तुझ्यासाठी नाहीत. हाताची जाडी ५ मिलिमीटर किंवा जास्त. कार्बन फायबर नवीन आल्यावर कडा बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून घे, नाहीतर त्या बॅटरीचा पट्टा आणि वायरी हळूहळू कापतात. घासताना ती धूळ नाकात जाऊ देऊ नको. आणि एक लक्षात असू दे, कार्बन फायबरमधून वीज वाहते. उघडी वायर फ्रेमला लागली तर शॉर्ट.

फोर-एस की सिक्स-एस, हा प्रश्न मोटरीपासून तोडून विचारता येत नाही. मोटरीवर २२०७ लिहिलेलं असतं, म्हणजे आतला स्टेटर २२ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर उंच. पाच इंचाला २२०७ किंवा २३०६, दोन्ही चालतात. खरा घोटाळा केव्हीत होतो. केव्ही म्हणजे पंख्याशिवाय एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. सिक्स-एस बॅटरी पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट देते, फोर-एस १६.८. आता गुणाकार कर. १९५० केव्हीची मोटर सिक्स-एसवर ४९ हजार फेऱ्यांच्या आसपास जाते, २४५० ची फोर-एसवर ४१ हजारांच्या आसपास. दोन्ही ठीक. पण स्वस्तात मिळाली म्हणून २४५० ची मोटर घेऊन तिला सिक्स-एस लावलीस तर आकडा ६१ हजारांपुढे जातो. मोटर, ईएससी आणि बॅटरी तिन्ही तापतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, त्यांना थंड व्हायला जागाच नाही.

माझं मत सिक्स-एस, १७५० ते १९५० केव्ही. तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो, आणि आता बाजारात सुट्या मोटरी जास्त करून याच केव्हीत मिळतात. अंगावर येईल ही भीती असेल तर बीटाफ्लाइटमध्ये थ्रॉटल लिमिट (जोराची मर्यादा) ‘स्केल’वर टाकून ७० टक्क्यांवर ठेव. हात बसला की वाढव. ज्याच्याकडे आधीच फोर-एसच्या चांगल्या बॅटऱ्या पडून आहेत त्याने फोर-एसवरच राहावं. तुझ्याकडे अजून काही नाही, तेव्हा पुढचा विचार करून घे.

मोटर बसवताना सगळ्यात जास्त नुकसान एका स्क्रूने होतं. हाताची जाडी अधिक दोन-तीन मिलिमीटर, एवढाच स्क्रू आत जायला हवा. ५ मिलिमीटरच्या हाताला ८ मिलिमीटरचा पुरतो. त्याहून लांब असला की टोक आतल्या तांब्याच्या गुंडाळीला लागतं, इनॅमल खरवडलं जातं आणि बॅटरी लावताच धूर निघतो. दोष मात्र मोटरीवर किंवा ईएससीवर जातो. स्क्रू कसल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेव, एक टोक स्क्रूला, दुसरं मोटरीच्या वायरीला. बीप वाजला तर स्क्रू काढ. चारही मोटरींवर हे कर. डिप्लोमाच्या पोराला मीटर कसा धरायचा ते मी शिकवायला नको.

फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मुख्य बोर्ड) आणि ईएससी वेगवेगळे जुळवत बसू नको. दोन्हींचा एकत्र संच मिळतो, त्याला स्टॅक म्हणतात. एकाच कंपनीचा, ३०.५ मिलिमीटर भोकांचा घे, म्हणजे जोडणीची केबल आपोआप बरोबर बसते. वेगळ्या कंपनीचा बोर्ड आणि ईएससी घेतले की त्या छोट्या सॉकेटातल्या पिनांचा क्रम वेगळा निघू शकतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज चुकीच्या पिनेत गेला की बोर्ड गेला. एफ४०५ प्रोसेसर तुला पुरे, एफ७२२ चे जास्तीचे पैसे आत्ता घालू नको. ईएससी चार-एकात-एक (चारही एकाच पाटीवर), ४५ ते ५५ अँपिअरचा. बीएलहेली-३२ असं लिहिलेला जुना माल स्वस्तात दिसेल, तो टाळ. २०२४ मध्ये त्या सॉफ्टवेअरचं काम थांबलं. बीएलहेली-एस किंवा एएम३२ चालेल. स्पीडीबी एफ४०५ व्ही४ हा स्टॅक मी नवशिक्यांना सुचवतो ते एवढ्यासाठी की त्याची सेटिंग मोबाइलवरून ब्लूटूथने बदलता येते. शेतात लॅपटॉप घेऊन कोण जातो?

स्टॅकसोबत एक मोठा कॅपॅसिटर येतो, ३५ व्होल्ट १००० मायक्रोफॅरडचा किंवा त्याच्या आसपासचा. जागा नाही म्हणून पोरं तो पिशवीतच ठेवतात. मोटरी एकदम वेग बदलतात तेव्हा बॅटरीच्या वायरीवर व्होल्टेजचे झटके उसळतात. कॅपॅसिटर ते झटके गिळतो. तो नसला तर गॉगलमध्ये चित्रावर रेषा येतात आणि एखाद दिवशी ईएससी उडतो. बॅटरीच्या पॅडजवळ, आखूड पायांनी लाव.

सोल्डरिंगवर मी जरा हट्टी आहे. २५ वॅटचं साधं आयर्न रिसीव्हरच्या वायरीला चालतं, पण बॅटरीच्या जाड वायरी ईएससीच्या पॅडला जोडायच्या म्हणजे खालचं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. आयर्न कमजोर असलं की टाका वरून गोल, चकचकीत दिसतो आणि खाली धरलेलाच नसतो. मोबाइल रिपेअरवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. घरी ओढून पाहिलं तरी तो निघत नाही. हवेत, पूर्ण थ्रॉटलवर, धक्क्याने सुटतो. ६० वॅटचं तापमान बदलता येणारं आयर्न, ६३/३७ सोल्डर वायर आणि चांगला फ्लक्स, हे जळगावच्या गोलाणी मार्केटात समोर हाताळून घे. आधी भंगारातल्या एखाद्या जुन्या बोर्डावर जाड वायरी लावून आणि काढून हात बसव.

सगळं जोडून झालं की बॅटरी थेट लावायची नाही. ट्रकच्या गॅरेजमधून २४ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब आण आणि बॅटरीच्या लाल वायरीत मध्ये जोड. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बोर्ड वाचला. मोटरी कोणत्या दिशेला फिरतात हे पाहताना पंखे काढलेले असले पाहिजेत. पाच इंची पंखा बोटाची काय गत करतो हे तुला कळायला नको.

रेडिओ आणि त्याचा ड्रोनवरचा रिसीव्हर एक्स्प्रेस एलआरएस या पद्धतीचे, २.४ गिगाहर्ट्झचे. ९१५ मेगाहर्ट्झवाला लांब जातो म्हणून कोणी गळ्यात मारेल. तो पट्टा आपल्याकडे खुला नाही आणि रेसला एवढी रेंज लागतही नाही. रेडिओमास्टर पॉकेटसारखा छोटा रेडिओ पुरे. इथे मात्र हात आखडू नको, कारण रेडिओ पडत नाही आणि पुढच्या चार ड्रोनना तोच चालतो. चार्जर आणि आयर्न यांनाही हाच न्याय. चार्जर एसी-डीसी दोन्हींवर चालणारा घे. लोडशेडिंगमध्ये ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर तो चालतो. प्रत्येक सेल वेगळा मोजून समान करणारा बॅलन्स चार्जर हवा. १३०० एमएएचची बॅटरी १.३ अँपिअरवर भर, घाई नको.

बॅटरीवर छापलेल्या ‘सी’ रेटिंगवर (किती करंट देऊ शकते त्या आकड्यावर) जाऊ नको, तिथे काहीही छापतात. वजन बघ. सिक्स-एस १३०० ची खरी बॅटरी साधारण दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा थोडी वर असते. दीडशेत ‘१३०० एमएएच, १५० सी’ कोणी देत असेल तर आत तेवढा माल नाही. सेल ३.५ व्होल्टला आला की ड्रोन उतरव. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर ३.८ वर आणून ठेव. उडवून झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नको. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच ठेवायची नाही. बॅटऱ्या बहुतेक विमानाने येत नाहीत, रस्त्याने येतात, तेव्हा त्या सगळ्यात आधी मागव.

कॅमेरा आणि व्हीटीएक्स (चित्र गॉगलला पाठवणारा ट्रान्समीटर) ॲनालॉग घे. चित्र जुन्या टीव्हीसारखं दिसतं, पण उशीर कमी आणि पडलं तरी जीव जात नाही. अँटेना लावल्याशिवाय व्हीटीएक्सला वीज दिलीस तर तो जळू शकतो. गॉगलची आणि ड्रोनची अँटेना एकाच फिरकीची हवी, दोन्ही आरएचसीपी (उजवी फिरकी) किंवा दोन्ही एलएचसीपी (डावी). चार जणांत उडवताना २५ मिलिवॅटवर ठेव, नाहीतर शेजाऱ्याच्या गॉगलमध्ये तू दिसशील.

आपल्या मातीसाठी दोन गोष्टी, ज्या कुठल्या यादीत सापडणार नाहीत. एक म्हणजे स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर. उभ्या कापसात किंवा केळीच्या बागेत ड्रोन पडला की आपटताना मोठी बॅटरी निसटून लांब जाते आणि साधा बझर मुका होतो. तीन-चारशे रुपयांच्या आसपासची ही वस्तू तुझा संध्याकाळचा शोध वाचवेल. दुसरी मोटरी. पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानात पडला की मातीतले लोहाचे बारीक काळे कण मोटरीतल्या चुंबकांना चिकटतात. बोटाने मोटर फिरवली की ‘किर्र’ असा आवाज येतो. फुंकून ते निघत नाहीत, चुंबक त्यांना धरून ठेवतो. वरची वाटी काढ, चिकटपट्टीची चिकट बाजू चुंबकावर दाबून उचल, दोन-तीनदा. किरकिर असताना तसाच उडवलास तर गुंडाळी खरवडली जाईल. नांगरलेल्या ढेकळांपेक्षा गहू काढलेलं रान किंवा सुट्टीतलं शाळेचं मैदान बरं, मुख्याध्यापकांना विचारून.

आता पैशांचं. तुझी ५० हजारांची यादी फुगवलेली नाही, तेवढे लागतात. अंदाजाने धर: रेडिओ ७ हजार, चार्जर आणि आयर्न मिळून ६, स्टॅक ८, चार मोटरी ७, फ्रेम ३, बॅटरी ३, रिसीव्हर हजार-बाराशे. इथेच ३५ हजार झाले. पंखे आणि बझर धरून थोडं वर. कॅमेरा, व्हीटीएक्स आणि गॉगल यात नाहीत, आणि सध्या ते नकोतही. वडिलांना उडवून दाखवायला गॉगल लागत नाही. ‘अँगल’ मोडवर (काडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो) ठेवून, समोर डोळ्यांनी पाहत, कंबरेइतक्या उंचीवर दोन मिनिटं धर. तेवढं जमलं की बाकीच्या पैशांचं बोलणं सोपं जाईल.

सगळे ३५ हजार एकाच दिवशी मात्र घालू नको. पहिल्यांदा फक्त रेडिओ घे. तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतो. लिफ्टऑफ, व्हेलोसिड्रोन असे बरेच आहेत. कॉलेजातला कॉम्प्युटर किंवा मित्राचा लॅपटॉप चालेल. तिथे सलग तीन फेऱ्या न आपटता होऊ लागल्या की पुढचे पार्ट मागव. सिम्युलेटरचा कंटाळा आला आणि सोडून दिलंस तर २८ हजार शाबूत, रेडिओही विकला जाईल. सुट्या भागांत फ्रेमचे दोन हात, एक मोटर आणि पंख्यांचे आठ-दहा संच घे. पंखे स्वस्त असतात आणि एका संध्याकाळी तीन-चार संच सहज जातात. पहिल्या दिवशी तुटला तर काय, याचं उत्तर त्याच डब्यात आहे.

कायद्याचंही बघून घे. बॅटरीसकट तुझा ड्रोन साधारण ६००-७०० ग्रॅमचा होईल. २५० ग्रॅम ते २ किलो हा ‘मायक्रो’ वर्ग. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. ग्रीन झोनमध्ये (वेगळी परवानगी न लागणारा भाग) ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. जळगावचा विमानतळ चालू आहे. भुसावळ-वरणगावकडे आयुध निर्माणी आहेत, तिकडे मित्राच्या शेतावर जाणार असशील तर सरकारी एअरस्पेस नकाशा पाहिल्याशिवाय डबा उघडू नको. गॉगल लावलास की बाजूला एक जण डोळ्यांनी ड्रोन पाहणारा हवाच. गुरं, माणसं आणि विजेच्या तारा त्याने सांगायच्या.

राहिला सीनियरचा गॉगल. तो ५.८ गिगाहर्ट्झचा ॲनालॉग असेल आणि त्यात रेसबँडचे (रेसमध्ये वापरायच्या पट्ट्याचे) आठ चॅनल असतील तर घे. घेण्याआधी कोणाच्या तरी चालत्या ड्रोनसमोर लावून बघ, पडद्यावर डाग नाही ना, बॅटरी अर्धा तास टिकते ना. त्याच्या लायपो बॅटऱ्या फुकट दिल्या तरी घेऊ नको. एक सेल बाकीच्यांपेक्षा खाली बसलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि घरात गवताची गंजी असेल तर तो धोका घ्यायचं कारण नाही.